माळढोक बघायला आम्ही दोघं

आमच्या गावातून मोटारसायकलवर बसून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत जाऊन आलेला पहिला माणूस मी. माझ्यामागं बसून बाळूची आई जाऊन आली, ती पहिली बाई. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी वाद घालायला नको. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखनाला ज्याला हसायचं त्यानं हसावं, पण आधी शंभर सीसीच्या गाडीवर बायको बसवून जैसलमेर गाठून दाखवावं.

बायकोचं नाव मी लिहिणार नाही. आमच्यात एकमेकांचं नाव घेत नाहीत. थोरल्या मुलाचं नाव बाळू, म्हणून ती बाळूची आई.

एवढ्या लांब कशाला गेलो ते सांगतो. आमचं गाव कर्जत तालुक्यात, श्रीगोंद्याच्या शिवेला. सगळा मुरमाड माळ. माझ्या लहानपणी घरात मेंढरं होती, ती मी वळायचो. तेव्हा त्या माळावर माळढोक होता. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पक्षी, पण उंचीला माझ्या कमरेच्या वर. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी. उडायचं त्याच्या जिवावर यायचं, चालायला मात्र आवडायचं, ते पाटलासारखं. पुढं माळ फुटला, विहिरी झाल्या, ऊस आला, तारा आल्या, आणि माळढोक गेला. कोणत्या साली गेला ते कुणाला सांगता येत नाही. असं गेलेलं त्या दिवशी कळत नसतं. लई दिवस दिसला नाही की मग ध्यानात येतं.

बाळूची आई राहात्याकडची. पाटाचं पाणी, पेरूच्या बागा, दारात चिखल. अशा हिरव्या मुलखातून ती आमच्या माळावर नांदायला आली. आली तेव्हा माळढोक नुकताच गेलेला. पहिल्या उन्हाळ्यात दोन कोसांवरून हंडा आणताना तिनं विचारलं, "हाय काय वो तुमच्या हितं? नुसता धोंडा." मी म्हणालो, "माळढोक हुता." ती म्हणाली, "हुता. म्हंजे न्हाई."

हे भांडण आमच्यात चाळीस वर्षांच्या वर चाललं. ती कधी ओरडून बोलली नाही, पण मानलंही नाही. गावातली ज्यांनी माळढोक बघितला होता ती म्हातारी माणसं एकेक करून गेली. मागं मी एकटा राहिलो, तेव्हा गावातली माणसंही म्हणायला लागली की म्हातारा फेकतो. दूध डेअरीवर रंगनाथ म्हणून माझा दोस्त बसतो, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तोसुद्धा म्हणायचा, "दादा, कमरंयेवढा पक्षी? मोर असंल." मोर! ज्या माणसाला मोर आणि माळढोक यातला फरक कळत नाही, त्याला काय बोलायचं.

मग एक दिवस मोबाईलवर बघितलं की जैसलमेरच्या वाळवंटात सरकारनं राखलेलं मोठं रान आहे, आणि त्यात माळढोक अजून जित्ता आहे. थोडे आहेत, पण आहेत. मी त्याच दिवशी डेअरीवर जाऊन सांगितलं, "बाळूच्या आईला माळढोक दावून आनतो. तोवर मला राम राम घालू नका."

बाळू म्हणाला, "दादा, रेल्वेनं जावा." मी म्हणालो, रेल्वेतून माळ दिसत नाही. खरं कारण असं की गाडी माझी आहे. मेंढरं विकली तेव्हा घेतलेली. तिच्या इंजिनाचा आवाज मला माझ्या खोकल्याइतका ओळखीचा आहे.

राहाता

संक्रांत झाल्यावर निघालो. ज्वारी निसवली होती, राखायला बाळू होता. गावातून जाताना बाळूची आई रीतीप्रमाणं एका अंगाला पाय सोडून बसली, डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट. नगर ओलांडलं तशी तिनं पाठीवर थाप मारली. "थांबवा. माझं कंबरडं गेलं."

गाडी थांबवली. तिनं इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं. नऊवारीचा कासोटा आवळला आणि घोड्यावर बसावं तशी दोन्ही अंगाला पाय टाकून बसली. "आता हाना," म्हणाली. माझ्या डोक्यात आलं की कुणी बघितलं तर काय म्हणेल. पण दहा कोस गेल्यावर कळलं की गाडी आता सरळ पळते, तिचा तोल एका बाजूला जात नाही. नऊवारी लुगडं हे मोटारसायकलसाठीच काढलंय असं माझं पक्कं मत झालं. पाचवारीत हे जमलं नसतं.

पहिला मुक्काम तिच्या भावाकडं, राहात्याला. तो म्हणाला, "दाजी, अक्काला वाळवंटात न्हेता व्हय? तिला तर लगीन झाल्यापासून वाळवंटच हाय की." सगळी हसली. बाळूची आईही हसली. मी जेवलो आणि झोपलो. सकाळी निघताना त्यानं एक पिशवीभर पेरू बांधून दिले, ते सापुताऱ्याचा घाट उतरेपर्यंत पुरले.

वेळावदर

गुजरातेत रस्ते चांगले. चहा गोड, भाजी गोड, वरण गोड. बाळूच्या आईनं तिसऱ्या दिवशी पिशवीतून ठेच्याची बरणी काढली ती परत येईपर्यंत आत गेली नाही. एका धाब्यावर तिनं वरणात ठेचा कालवला तर वाढपी बघायला आला. त्यानं बोटाला लावून चाखला आणि पाण्याकडं गेला.

वेळावदरला भावनगरच्या बाजूनं गेलो. ते काळविटांचं राष्ट्रीय उद्यान. गाडी फाटकाशी लावायची आणि त्यांच्या जीपमधून आत जायचं. गवत कमरेएवढं, पिवळं, आणि काळवीट मोजायला गेलं तर माणूस कंटाळेल इतकं. आमच्या शेजारी बसलेली शहरातली माणसं लई खूश झाली. मी म्हणालो, आमच्या तालुक्यात रेहेकुरीच्या अभयारण्यात पण आहेत. ती म्हणाली, किती? मी म्हणालो, थोडी आहेत, पण आमची काळवीटं माणसाकडं मान वर करून बघतात. इथली खाली मान घालून चरतात. ती माणसं हसली. मी खरं तेच सांगितलं होतं.

बाळूची आई मात्र गप्प बसून बघत होती. एक काळवीट उड्या मारत पळालं, तेव्हा तिनं माझा दंड धरला. "आपल्याकडं बी अशीच पळतात का?"

"घरापासून दहा कोसांवर हाय रेहेकुरी. कधी म्हनालीस का, बघू म्हनून?"

"तुमी न्हेलं का?"

 चाळीस वर्षं शेजारी रान असून मी तिला नेलं नव्हतं. मेंढरांमागं गेलेल्या माणसाला रान ही दाखवायची गोष्ट वाटत नाही.

छोटं रण

कच्छच्या छोट्या रणात रानगाढवं असतात. घुडखर म्हणतात त्याला. रंग लोणी काढलेल्या ताकात चहा पडावा तसा. पळायला लागलं की गाडीला ऐकत नाही. बाळूची आई म्हणाली, "गाढव बघायला यवढ्या लांब आनलं व्हय मला?" पण पुढं अर्धा तास तीच मान लांब करून बघत होती, आणि शिंगरू आईच्या कोणत्या अंगाला पळतं ते तिनंच मला दाखवलं.

तिथली जमीन म्हणजे भेगाळलेलं मीठ. नजर जाईल तिथवर एक झाड नाही. दुपारी सगळीकडं पाणी दिसतं, आणि ते पाणी नसतं. मृगजळ आपल्याकडं डांबरी रस्त्यावर दिसतं तेवढंच मला ठाऊक. इथं पूर्ण तळं दिसतं, त्यात गाढव उलटं दिसतं.

रणाच्या कडेला जिऱ्याची शेतं होती. तिथं माझी चूक झाली. चूक म्हणायला जीभ वळत नाही, पण लिहायला बसलोय तर लिहितो.

जिऱ्याच्या पलीकडं, त्या खोट्या पाण्यात, एक पक्षी उभा होता. एकटा. उंच. मान लांब.  चष्मा खिशात होता. रान बघताना चष्मा लावणारा माणूस मला आवडत नाही. मी गाडी बंद केली आणि म्हणालो, "त्यो बघ. माळढोक."

बाळूची आई कपाळावर हात धरून बघायला लागली. तिनं काही म्हणायच्या आत मी रंगनाथला फोन लावला. "दिसला. माळढोक दिसला. समोर हुबा हाय."

रंगनाथ म्हणाला, "खरं का दादा?"

"मग काय खोटं सांगतो? चाळीस वर्षं सांगतोय."

फोन ठेवला आणि पक्षी उडाला. उडताना पाय मागं काठीसारखे लांब झाले, आणि वरून 'कुर्र' असा आवाज आला. आभाळातून तसाच जबाब आला, आणि बघतो तर वर त्याच जातीच्या पक्ष्यांची मोठी रांग चाललेली.

बाळूची आई म्हणाली, "अवो, ह्यो तर करकोचा. नेवाशाकडं माझ्या मामाच्या गावाला धरनाच्या फुगवट्यावर थव्यानं येत्यात. हरबऱ्याची नासाडी करत्यात. पाय बगा की त्याचं."

मी चष्मा काढून डोळ्याला लावला. करकोचाच होता.

"फोन करा आनि सांगा, चुकलं म्हनून," ती म्हणाली.

"करू. कशाची घाई हाय?"

तेवढ्यात बाळूचाच फोन आला. रंगनाथनं देवळाच्या भोंग्यावरून सांगून टाकलं होतं की दादांना माळढोक दिसला. डेअरीवर पेढे वाटले होते. बाळू म्हणाला, "दादा, झालं ना तुमचं काम? मग या माघारी. आईचा गुडघा दुखतोय, मला ठाऊक हाय. पुढं वाळवंटात जायची काही गरज न्हाई."

आता बघा कसं झालं ते. माळढोक दिसला म्हणावं तर पुढं जायला कारण उरत नाही. दिसला नाही म्हणावं तर भोंग्यावरून खोटा पडतो. मी म्हणालो, "एक बघितला. अजून एक बघायचाय." आणि फोन बंद केला.

बाळूच्या आईनं कासोटा सोडला, पदर सारखा केला, आणि रीतीप्रमाणं एका अंगाला पाय सोडून बसली. राधनपूर गेलं, थराद गेलं, राजस्थानची हद्द लागली तरी ती तशीच बसून. रागावलेली बाई एका बाजूला बसली की गाडी कशी ओढते ते शंभर सीसीवाल्यालाच कळेल.

रेती

बाडमेरच्या पुढं झाडं बुटकी होत जातात. खेजडी म्हणजे आपली शमी, आक म्हणजे रुई, आणि बिनपानांचं काटेरी केर. नंतर तीही पातळ होतात. ऊन आमच्यासारखंच, पण वाऱ्यात रेती असते आणि ती दातात येते. गावं लांब लांब. घरं गोल, मातीची, वर गवताचं छप्पर. बायकांचे ओढणीचे रंग इतके लाल की अर्ध्या कोसावरून दिसतात. आपल्याकडं हिरव्यात लाल दिसत नाही म्हणून कुणी कौतुक करत नाही. तिथं दुसरा रंगच नाही.

पाण्याची त्यांची रीत मला पटली. अंगणात जमिनीखाली गोल टाकं बांधलेलं, त्याला टांका म्हणतात. पावसाचा थेंब थेंब त्यात उतरवतात आणि वर्षभर पुरवतात. एका घरी पाणी मागितलं तर म्हातारीनं आधी टाक्याचं झाकण पुसलं, मग लोटा बुडवला. बाळूच्या आईनं एका घोटात संपवलं नाही. सावकाश प्यायली आणि तळाशी राहिलेलं पाणी फेकून न देता खेजडीच्या बुडाला घातलं. म्हातारीनं ते बघितलं आणि तिला घरात बोलावलं. बाजरीचा सोगरा दिला, वर तूप, सोबत कढी. सोगरा म्हणजे आपली भाकरीच, फक्त जाड. बाळूची आई म्हणाली, "आपल्यापेक्षा जाड थापत्यात, पन भाजत्यात चांगलं." तिच्या तोंडून हे मोठं प्रमाणपत्र आहे.

जैसलमेरच्या वाटेवर खुडी गावाच्या अलीकडं गाडी पडली. रस्त्यावर वाऱ्यानं रेतीचा ढीग आणून टाकला होता. मी ब्रेक मारला. रेतीत ब्रेक मारायचा नसतो हे पडल्यावर कळलं. आम्ही दोघं दोन बाजूंना. मी आधी गाडीकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि हे तिनं बघितलं.

"गाडीला काय झालं का वो?" तिनं रेतीत बसल्या बसल्या विचारलं.

"क्लचचा दांडा वाकला."

"मग मरू द्या मला," म्हणाली आणि हसायला लागली. राधनपुरापासूनचा राग तिथं गेला. एक उंटवाला येत होता, त्यानं गाडी उभी करायला हात लावला आणि दोन्ही चाकांतली हवा थोडी काढायला सांगितली. हवा कमी केली की चाक रेतीत पसरतं, रुतत नाही. वीस वर्षं गाडी चालवून हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हणालो, ठाऊक होतं, विसरलो होतो.

उठल्यावर बाळूची आई पुन्हा दोन्ही अंगाला पाय टाकून बसली.

मचाण

जैसलमेरच्या त्या राखीव रानात आतल्या बाजूला कुंपण घातलेला गवताचा मोठा तुकडा आहे. परवानगी काढावी लागते. तिथल्या वनरक्षकानं सांगितलं की चार दिवस आलेल्या कुणाला माळढोक दिसला नाही. मचाणावर बसा, नशीब असेल तर दिसेल. त्यांच्याकडं त्याला गोडावण म्हणतात.

दोन दिवस आम्ही मचाणावर बसलो. चिंकारा दिसली. खोकड दिसलं. गिधाडं दिसली, जी आमच्याकडून माळढोकामागून गेली. वाऱ्यानं गवत हलायचं ते अगदी आमच्या माळासारखं. लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या आणि त्यांच्या तारा आभाळावर रेघा मारून गेल्या होत्या. वनरक्षक म्हणाला, या पक्ष्याला समोरची तार दिसत नाही, बाजूचं दिसतं. मी म्हणालो, आमच्याकडंही तसंच झालं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळूची आई म्हणाली, "न्हाई दिसला तर?"

"दिसंल."

"न्हाई दिसला तर गावात काय सांगनार तुमी?"

मी पवनचक्क्या मोजायला लागलो.

"तुमी काय बी सांगा. मला इचारलं तर म्या खोटं बोलनार न्हाई. करकोचा म्हनून सांगनार."

"सांग," मी म्हणालो. पण मला ते लागलं. माझी बायको डेअरीपाशी उभी राहून माझा शब्द खोटा आहे असं सांगणार, हे मला करकोच्यापेक्षा जड होतं. आणि तिचं चुकत नव्हतं, हे त्याहून जड.

तिथल्या गावात आम्ही सुमारभाईच्या घरी उतरलो होतो. म्हातारा माझ्याच वयाचा, मेंढरं आणि बकऱ्या मिळून शंभर-सव्वाशे असतील. आमच्याकडचे मुसलमान शेजारी नेसतात तशी लुंगी, वर मोठा फेटा. माझं हिंदीही माझ्या शाळेएवढंच. मी म्हणालो, "दो दिन बैठा, कुछ नहीं दिख्या."

सुमारभाईनं बकरीच्या दुधाचा चहा बशीत ओतला. "टावर पे गोडावण नहीं आता. वो जीप को पहचानता है. रेवड़ के साथ चलो. रेवड़ से नहीं डरता."

रेवड़ म्हणजे मेंढरांचा कळप. मी बशी खाली ठेवली. मला माझी लाज वाटली. हे मला माझ्या बापानं सांगितलेलं होतं. मी पोरवयाचा असताना तो म्हणायचा, माळढोक माणसाला भितो, मेंढक्याला नाही. मेंढरांत मिसळ, त्याच्याकडं सरळ जाऊ नको, सरळ बघू नको, मेंढरं नेतील तिकडं जा. असं करून मी लहानपणी त्याच्या वीस पावलांवर गेलोय. आणि एवढं ठाऊक असलेला मी, शहरातल्या माणसांसारखा शिडी चढून दोन दिवस मचाणावर बसलो होतो.

"मेरे बाप ने भी यही बोला था," मी म्हणालो.

सुमारभाई म्हणाला, "तो फिर बैठे क्यों थे?"

गायरान

सकाळी कळप सोडला. कुंपणाच्या बाहेर त्या गावच्या देवाची राखीव जमीन आहे, ओरण म्हणतात. तिथं झाड तोडत नाहीत, नांगर घालत नाहीत, फक्त चारतात. आपल्याकडच्या गायरानासारखी, पण अजून गायरान राहिलेली.

मी काठी खांद्यावर आडवी घेतली, दोन्ही हात तिच्यावरून टाकले आणि मेंढरांच्या डाव्या अंगाला चालायला लागलो. मेंढरं विकून वीस वर्षं झाली, पण पाय विसरले नव्हते. बाळूची आई उजव्या अंगाला. तिनं आपल्याकडच्यासारखं 'हुर्रऽ हुर्रऽ' केलं तर एकाही मेंढरानं कान हलवला नाही. सुमारभाई हसला आणि जिभेनं टकटक असा आवाज काढून दाखवला. तिनं दोनदा करून बघितला. तिसऱ्यांदा एक काळ्या तोंडाची मेंढी थांबून तिच्याकडं बघायला लागली. "ऐकतिया माझं," ती म्हणाली.

असं ऊन वर येईपर्यंत चाललो. बोलणं नाही. मेंढरांचा कुरतडण्याचा आवाज तेवढा. मी सगळीकडं बघत होतो, चष्मा लावून. होय, लावला होता.

कळप एका उतरणीला वळला तेव्हा बाळूची आई माझ्या बाजूला आली. हळूच. कळप मोडू न देता. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बोलू नका. त्या केरच्या झुडपाच्या उजवीकडं."

मला झुडूप दिसलं. बाकी काही नाही.

"खाली. गवतात. पांढरं."

मला दिसेना. तेव्हा तिनं माझी हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी, आणि एवढीशी वळवली.

पांढरी मान गवतातून वर आली. काळी टोपी. मग पाठ. नर होता. त्यानं एकदा कळपाकडं बघितलं, एकदा आमच्याकडं बघितल्यासारखं केलं, आणि पाटील पंगत बघायला निघावा तसा सावकाश चालायला लागला. एक पाय उचलायचा, तो खाली ठेवायच्या आधी विचार करायचा. वाटेतला एक नाकतोडा टिपला. मेंढरं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी गेली, त्यानं बाजू दिली नाही. मेंढरांनीच दिली.

बापानं सांगितल्याप्रमाणं मी सरळ बघत नव्हतो. बाळूच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, ती सरळच बघत होती. तिच्याकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. एक पान खाऊन व्हावं एवढा वेळ तो आमच्यासमोर चालला, मग उतरणीपलीकडं गेला. उडाला नाही. मला तो उडायला नकोच होता.

मी मोबाईल काढायचा विसरलो. सुमारभाईनं त्याच्या फोननं फोटो काढला होता. त्यात गवत आहे, मेंढरं आहेत, आणि एक पांढरा ठिपका आहे, जो कागदाचा तुकडाही असू शकेल.

बाळूची आई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. रडत होती असं मी लिहिणार नाही, वारा होता. थोड्या वेळानं म्हणाली, "आपल्या खळ्याच्या मागं जो माळ हाय, तिथं असा चालायचा का ह्यो?"

"तिथंच. पारावरच्या लिंबापर्यंत यायचा."

"आनि म्या आले तवा नुकताच गेल्ता."

"व्हय."

"दोन वर्सं आदी लगीन करायचं हुतं मग," ती म्हणाली.

मी तिथंच, मेंढरं समोर चरत असताना, रंगनाथला फोन लावला. रेंज दोनदा गेली, तिसऱ्यांदा लागला. जन्मात मी कुणाला चुकलो म्हणून सांगितलं नव्हतं. बापाला नाही, बाळूला नाही, शाळेत मास्तरला नाही, म्हणून तर चौथीत शाळा सुटली. रंगनाथला म्हणालो, "ऐक. तो पहिला माळढोक नव्हता. करकोचा हुता. मी चुकलो. भोंग्यावरून सांग."

रंगनाथ मग म्हणाला, "दादा, भोंग्यावरून काय सांगू?"

"दादा चुकला म्हनून सांग. आनि आता खरा दिसला म्हनून सांग."

"आता खरा कशावरून?"

त्यानं विचारलं ते बरोबरच होतं. मी फोन बाळूच्या आईला दिला. रंगनाथशी ती कधी तोंड वर करून बोललेली नाही, त्यानं चहा घेतला तरी दाराआडूनच कप पुढं करते. तिनं फोन कानाला लावण्याआधी डोक्यावरून पदर घेतला.

"भावजी," ती म्हणाली, "म्या बगितला. यांच्या आदी बगितला, यांना दावला. मोर न्हाई, करकोचा न्हाई. मान पांढरी हाय, पन अगदी दुधासारखी न्हाई, जुन्या धोतरासारखी. चालताना डोकं पुढं मागं करत न्हाई, कोंबडीवानी. सरळ धरतो. पाय पिवळट हायत, जाड. बोटं तीनच, मागचं बोट न्हाई. मेंढरांना भीत न्हाई. म्या सांगते तुमाला, यांनी चाळीस वर्सं सांगितलं त्यातलं एक बी खोटं न्हाई. पाटलावानी चालतो म्हंत्यात ते मातुर खोटं हाय. पाटील असा चालत न्हाई. तालेवार घरची सून पहिल्यांदा पान्याला निघाल्यावर चालती तसा चालतो. सांगा भोंग्यावरून."

तीन बोटं. चाळीस वर्षं मी माळढोकाचं वर्णन करत आलो, पण त्याची बोटं मी कधी मोजली नव्हती.

माघारी यायला आठ दिवस लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक पंक्चर झालं आणि ठेचा संपला. गावात शिरताना ती दोन्ही अंगाला पाय टाकूनच बसली होती. डेअरीवर माणसं होती. कुणी हसलं नाही. रंगनाथ पुढं आला, त्यानं मला राम राम घातला आणि मला ओलांडून बाळूच्या आईपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, ती बोटं कशी हायत, ते परत एकदा सांगा बरं समद्यांना."

ती गाडीवरून न उतरता सांगायला लागली. मी इंजिन बंद केलं, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल. माळढोक डोळ्यानं बघितलेली दोनच माणसं आज आमच्या गावात हयात आहेत, आणि ती एकाच घरात राहतात.